प्रवासी रात्री कुठे झोपतो?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘उष्ण कटिबंधातली संकटग्रस्त जंगलं आणि निसर्गपर्यटन’ असा छापला आहे. पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आपली, हे या सभागृहाला सांगायला नको. खाणी, वणवे, दोडामार्गकडची रबराची लागवड, हेही तुमच्या वाचनात आहे. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. जंगल बघायला गेलेला माणूस रात्री कोणाच्या घरी झोपतो आणि कोणाच्या हातचं जेवतो, यावर त्या जंगलाचं भवितव्य बरंचसं ठरतं. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आलोय, आणि आजही तेच सांगणार आहे.

रवांडाचं उदाहरण घ्या. तिथे डोंगरी गोरिला बघायचा परवाना 1500 डॉलरला मिळतो. (सभागृहातून : “सव्वा लाख!” हशा.) हो, सव्वा लाखाच्या घरात. गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच पाहुणे, तेही तासभर. उद्यानांच्या उत्पन्नातले दहा टक्के भोवतालच्या गावांसाठी ठेवलेले आहेत. 1980च्या सुमाराला विरुंगाच्या डोंगरांत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते, 2016च्या मोजणीत ते 604 भरले. त्यात पहारेकऱ्यांचे आणि पशुवैद्यांचे कष्ट आहेत, नुसत्या पर्यटनाने हे झालेलं नाही. तरी गावाला वाटा मिळाला म्हणून गाव सोबत राहिलं, असं मी मानतो.

पण सव्वा लाख कशाला हवेत? मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून आपण ते ओळखतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी 2002 साली समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी तिथे फिरत होती, तेव्हा वाळूत कासवांची रिकामी केलेली घरटी दिसली. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीड-दोन फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पिल्लांशी तिचा पुढे काही संबंध राहत नाही. ती अंडी कोल्हे, कुत्री उकरायची, आणि माणसंही खायला, विकायला न्यायची.

आता ही अंडी राखणाऱ्या कासवमित्रांचं काम ऐका, कारण लोकांना फक्त पिल्लांचे फोटो माहीत असतात. पहाटे अंधारात किनारा चालायचा. मादीचा माग वाळूत दिसतो, पण खड्डा नेमका कुठे ते दिसत नाही. काठीने हलकेच वाळू दाबत जायचं. जिथे वाळू भुसभुशीत लागेल तिथे हाताने उकरायचं. अंडी काही तासांच्या आत हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं नुसतं फिरलं तरी मरतो. म्हणून ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखलेल्या जागेत, मूळ घरट्याइतकाच खोल, तसाच तळाशी फुगीर खड्डा, वरून कुंपण. साधारण पन्नास दिवस वाट पाहायची. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात. ती सकाळी आणि संध्याकाळी उचलायची, पिल्लं वर आली असतील तर लाटांपासून थोडी अलीकडे सोडायची. वाळूवरचं अंतर त्यांनी स्वतःच कापायला हवं. आणि नर का मादी, हे त्या वाळूची उष्णता ठरवते! वाळू तापली की माद्या जास्त, फारच तापली तर अंडी दगावतात. एप्रिल-मे दरवर्षी अधिक कडक होत असताना याचा अर्थ काय होतो, तो विचार...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? बरं. कासवांनीच तास खाल्ला. (हशा.)

मुद्दा असा, की गावात कासव महोत्सव सुरू झाला तेव्हा किनाऱ्यावर हॉटेल उभं राहिलं नाही. पाहुणे घरांत उतरतात. पडवीत गाद्या, सकाळी घावने, दुपारी भात आणि सोलकढी. ज्या घरात पाहुण्यांचे पैसे येतात त्या घरातून अंडी उचलायला कोणी जात नाही. टोपलीखाली आज काहीच निघालं नाही तर यजमानीणबाई तुमच्याइतक्याच हळहळतात.

(श्रोत्यांतून : “म्हणजे ताडोब्याला जायचं नाही?”) असं मी म्हटलेलं नाही! जा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. मग गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन, अशी मर्यादा आली. ती योग्यच आहे. पण ताडोबाच्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसांचे वाघाच्या हल्ल्यांत बळी जातात. जिप्सीत बसलेला पर्यटक वाघ दिसावा म्हणून प्रार्थना करतो. मोहफुलं वेचणारी बाई तो दिसू नये म्हणून करते. तुमचे पैसे फाटकावर आणि दूरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये संपत असतील तर तिच्या वाट्याला फक्त वाघ येतो. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात राहा. गाइड त्या गावचा आहे का, हे विचारा. यात कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण हे मी मवाळ करून सांगणार नाही.

(पुन्हा चिठ्ठी.) शेवटचं, घाईत सांगतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. मुळं गुडघ्यासारखी पाण्यातून वर आलेली. अशा दलदली फार थोड्या उरल्यात. ही भालांडेश्वराची देवराई म्हणून गावाने राखली, आणि नंतर सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळ केलं. तिथे पर्यटक नव्हता तरी वन टिकलं, मग माझा सिद्धांत कोसळतो का? मला नाही वाटत. वन गावाच्या हाती होतं म्हणून टिकलं, आणि वेळासलाही मी तेच पाहतो. त्या दलदलीत पन्नास जणांची सहल उतरली तर चिखलातली रोपं तुडवली जातील. म्हणून तिथे आधी गावाला विचारा. गावाने नको म्हटलं, तर रस्त्यावरूनच नमस्कार करून परत फिरा आणि त्या रात्री जवळच्या एखाद्या घरी जेवा.

प्रश्नांना वेळ उरलेला नाही. फेब्रुवारीत वेळासला कसं जायचं हे ज्यांना विचारायचंय त्यांनी दाराशी थांबावं, मी तिथेच आहे.