सुमारे सव्वादोन मिलिमीटरांची खोट

नमुन्याची छोटी आगगाडी घरीं जुळविण्याचा छंद इंग्लंडमध्यें फार लोकप्रिय आहे. तयार तुकड्यांची पेटी आणावी, तुकडे कानशीनें घासून जोडावे आणि इंजिन रुळांवर उभें करावें, असा हा उद्योग. परंतु त्यांत एक मौजेची खोट आहे.

तिकडील सर्वांत प्रचलित ‘डबल ओ’ पद्धतींत खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. खऱ्या रुळांतील अंतर ४ फूट साडेआठ इंच. तेव्हां नमुन्यांत तें १८.८३ मिलिमीटर हवें. प्रत्यक्षांत तें १६.५ च असतें! हे रूळ मूळचे फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाचे. इंग्लिश इंजिनें अंगानें लहान; त्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत त्या काळची मोटर मावेना. म्हणून अंग वाढविलें, रूळ तेच ठेविले.

ही खोट ज्याच्या डोळ्यांत सलते, तो संच सुधारावयास बसतो. चाकांचे आंस लांब केले, कीं चाकांवरील आच्छादनें रुंद करावीं लागतात. पुढें दांडे सिलिंडरांना अडतात. वळणें मोठीं घ्यावीं, तर खोली पुरत नाहीं. कोणी १८.२ मिलिमीटरांचा मधला मार्ग पत्करतात.

खोट जाणून ठेवणें किंवा कष्टानें काढणें, दोन्ही प्रामाणिकच. मात्र हा निर्णय पहिला तुकडा चिकटविण्यापूर्वींच व्हावा. चिकटलेली चौकट मागाहून सुखासुखी सुटत नाहीं.