परसबागेतील यशापयश



बंगळूरमध्ये परसबागेविषयी बोलावयाचे म्हणजे जाणकारांपुढे बोलणे होय. हैदर अलीने १७६० साली ज्या शहरात लालबागेचा पाया घातला, तेथे घरामागे चार झाडे लावण्याची हौस नवी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, सौम्य हवा आणि पाण्याचा निचरा होऊ देणारी तांबडी माती यांमुळे येथे पुष्कळ काही उगवते, वाढते आणि फुलतेही. तक्रार सुरू होते ती त्यानंतर. वेल मांडवभर पसरली, फुलांनी लहडली, पण फळ काही धरत नाही, असे सांगणारे लोक प्रत्येक हंगामात भेटतात. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ‘हाताला गुण नाही’ असे म्हणून मोकळी होतात आणि तरुण मंडळी औषधाची बाटली घेऊन येतात. या दोन्ही गोष्टींविषयी मला आज बोलावयाचे आहे. त्यातही बाटलीविषयी अधिक, कारण परसातली भाजी दुसऱ्याच दिवशी मुलांच्या ताटात जाते.

प्रथम दुध्या भोपळा घेऊ. दुध्याच्या एकाच वेलीवर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. आधी बरेच दिवस केवळ नरफुलेच येत राहतात आणि गळून पडतात. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. मादीफूल ओळखणे सोपे असते, कारण त्याच्या देठाशी लवदार, इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. हा भोपळा म्हणजे फळ नव्हे, फळाची केवळ शक्यता होय. परागकण पोहोचले नाहीत तर चार-सहा दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडतो, सुरकुततो आणि गळतो. आणि येथेच ‘कीड लागली’ असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यास सुरीखेरीज कशाचीही गरज नाही. गळलेले फळ उभे चिरावे. आत अळ्या असतील तर ते फळमाशीचे काम होय. अशा फळाच्या सालीवर टोचल्याची खूण आणि पुष्कळदा तेथून पाझरलेला चिकट द्रवही दिसतो. आत अळीचा मागमूस नसेल आणि साल अभंग असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नाही असे समजावे. या दुसऱ्या प्रकारात कीटकनाशक फवारणे म्हणजे जे कीटक हवे होते त्यांनाच हाकलून देणे होय. पहिल्या प्रकारातही माझा भर फवारणीवर नाही. सडकी फळे वेळीच गोळा करून नष्ट करावीत, कारण त्यांतील अळ्या मातीत उतरून कोष करतात. धरलेल्या कोवळ्या फळांवर कागदी पिशवी चढवावी. पेरूलाही हाच उपाय चालतो.

परागीभवनात घड्याळाला फार महत्त्व आहे. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. त्याचे काम मधमाश्या करतात. दुध्याचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उमलते, जेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. त्याची भिस्त पतंगांसारख्या निशाचर कीटकांवर असते. दोडका संध्याकाळचा, तर त्याच्याच गोत्यातील घोसाळे सकाळचे. तेव्हा सकाळी उठून दुध्याचे हाताने परागीभवन करू पाहणाऱ्याला यश येण्याचा संभव कमी. सायंकाळी ताजे नरफूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि उरलेला परागयुक्त भाग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरते. पाच मिनिटांचे हे काम घरातील मुलांवर सोपवावे, ती ते मोठ्यांपेक्षा अधिक निष्ठेने करतात.

फुलाच्या वेळेची याहूनही नवलाची कथा या शहरातील अनेक अंगणांत उभी आहे. अ‍ॅव्होकॅडो, ज्याला येथे बेण्णे हण्णु, म्हणजे लोणीफळ म्हणतात, त्याचे प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्या खेपेस ते मादी म्हणून उमलते, मिटते आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून पुन्हा उमलते. काही झाडांची फुले सकाळी मादी व दुसऱ्या दिवशी दुपारी नर असतात. काहींची दुपारी मादी व दुसऱ्या सकाळी नर. झाडावरील सर्व फुले जवळजवळ एकाच तालावर चालतात. त्यामुळे एकाकी झाडाची फुले परस्परांना उपयोगी पडण्याची संधी थोडी असते. ढगाळ वा थंड हवेत हा ताल बिघडतो आणि तेव्हा एकट्या झाडालाही थोडी फळे धरतात. बी लावून वाढविलेले झाड आधीच फळास यावयाला अनेक वर्षे घेते. इतकी वाट पाहिल्यावर ते वांझ म्हणून तोडले जाते, आणि त्याचा पूरक जोडीदार कदाचित दोन कुंपणांपलीकडे कोणी लावणारच असतो. तोडण्यापूर्वी दुसऱ्या प्रकारच्या झाडाची एक फांदी त्यावर कलम करून पाहावी.

भेंडीचे अपयश निराळ्या जातीचे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळेही पिवळट व राठ होतात. यालाच आपण केवडा म्हणतो. हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि एकदा जडल्यावर कोणत्याही औषधाने बरा होत नाही. येथे बियाण्याची निवडच निर्णायक ठरते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत तयार झालेली ‘पुसा सावनी’ एके काळी या रोगाला दाद देत नसे; पुढे तिची ती शक्ती ओसरली. मग १९८५ साली महाराष्ट्रातील परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ दिली. आपल्याजवळच्या हेसरघट्ट्याच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का अनामिका’ही याच हेतूने निर्माण झाली. वाणाची प्रतिकारशक्ती कायमची नसते, म्हणून घरचेच जुने बी वर्षानुवर्षे पेरणाऱ्यांनी अधूनमधून नव्या वाणाची चौकशी करावी. पहिले रोगट रोप दिसताच ते उपटावे. चौचौला, ज्याला कानडीत सीमे बदनेकायी म्हणतात, असले काही लागत नाही. कोंब आलेले अख्खे फळ मातीत ठेवले आणि मांडव दिला की झाले. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा.

शेवटी पपई. घरी खाल्लेल्या पपईचे बी पेरले तर पुष्कळ वाणांत सुमारे निम्मी झाडे नर निघतात आणि फूल येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून, लांब लोंबत्या तुऱ्यांची नरझाडे मागाहून काढावीत, एखादे तेवढे राखावे. ‘कूर्ग हनी ड्यू’सारख्या वाणात हा प्रश्न येत नाही, त्यात झाडे मादी किंवा द्विलिंगी असतात.

परंतु पपईचे खरे संकट २००८ साली आले. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील एक पिठ्या ढेकूण त्या वर्षी कोईमतूर येथे आढळला आणि लवकरच दक्षिणेतील पपई, तुती, टॅपिओका यांवर, इतकेच काय घरच्या जास्वंदीवरही पसरला. अंगावरील पांढऱ्या मेणचट आवरणामुळे औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नसे. मरत ते त्याला खाणारे कीटक. अखेर २०१० साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या बंगळूर येथील कीटकविषयक राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून एक अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आणविली. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरातच अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून संपविते. काही महिन्यांतच बागा सावरू लागल्या.

ही गांधीलमाशी इतकी लहान असते की परसात ती आपल्याला बहुधा दिसणार नाही. परंतु पानाच्या पाठीमागे पांढऱ्या कापसात फुगलेले, तपकिरी, निश्चल झालेले ढेकूण दिसले तर ती तेथे येऊन गेली आहे असे जाणावे. अशी पाने खुडून जाळू नयेत, त्यांच्यावर फवारणीही करू नये. त्यांतून नव्या माश्या बाहेर पडावयाच्या असतात. इतर पानांवरील पांढरा थर नळीच्या जोरदार पाण्याने धुवावा.