ज्यांचें राज्य नाहीं त्यांचें राजकारण

जागतिक राजकारण म्हटलें कीं राजे, मुख्य प्रधान, वकिलाती आणि तह हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्यांच्यापाशीं राज्य नाहीं अशा संस्थांनींहि या राजकारणाचा ओघ अनेकदां फिरविला आहे. याची साक्ष शोधण्यासाठीं पुणेकरांस दूर जावयास नको.

१८१७ च्या नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें आणि पुढील वर्षीं पेशवाई संपली. हें राज्य जिनें घेतलें ती ईस्ट इंडिया कंपनी मूळची व्यापाऱ्यांची मंडळी. १६०० सालीं तिला राणी एलिझाबेथची सनद मिळाली. पुढें पार्लमेंटनें तिच्यावर अंकुशहि ठेविला. तथापि फौज बाळगणारी व तह करणारी ही कंपनी नफा वांटीत होती तो आपल्या भागीदारांस. ज्या रयतेवर तिनें राज्य केलें, तिला कंपनीस जाब विचारण्याची सोय नव्हती.

त्याच शहरांत २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिची रीत नेमकी उलट होती. सभासद होणारानें निदान पन्नास लोकांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तिचा नियम होता. सुमारें सहा हजार लोकांच्या वतीनें ९५ सभासद निवडले गेले. सभेपाशीं ना सैन्य होतें, ना खजिना. परंतु ‘आपण कोणाच्या वतीनें बोलतां?’ या प्रश्नास तिच्यापाशीं सहीनिशीं उत्तर होतें.

याच सभेच्या त्रैमासिकाचे संपादक राहिलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यांत भारत सेवक समाज काढला. गिरमिटानें, म्हणजे मुदतीच्या करारानें बांधून, हिंदी मजूर दक्षिण आफ्रिकेंतील नाताळांत नेले जात. १९१० सालीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत याविरुद्ध ठराव आणिला, आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठीं होणारी भरती बंद झाली.

१९१२ सालीं ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत गेले. करार संपल्यावर तेथेंच राहणाऱ्या मजुरांना सालीना तीन पौंड कर द्यावा लागे. बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर हा कर जाणार, अशी गोखल्यांची खात्री झाली. पण कागद झाला नव्हता. पुढल्याच वर्षीं स्मट्स यांनीं असें वचन दिल्याचें नाकारलें. राज्य नसलेल्यांच्या सामर्थ्याची मर्यादा येथें उघड होते : त्यांच्या बोलण्यास तहाचें बळ नसतें. ती उणीव भरून काढली खुद्द मजुरांनीं. १९१३ सालीं गांधीजींच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं कोळशाच्या खाणींतील काम सोडलें, तुरुंगवास पत्करला. गोखल्यांनीं प्रकृति ढासळली असतांहि हिंदुस्थानांतून पैसा जमवून धाडला. १९१४ च्या कायद्यानें तो कर रद्द झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेंत ७१ व्या कलमानें बिनसरकारी संस्थांशीं सल्लामसलतीची तरतूद झाली. आज अशा संस्थांप्रमाणेंच देशोदेशीं पसरलेल्या कंपन्यांचाहि शब्द राजधान्यांतून ऐकला जातो. त्यांपैकीं कोणाचा शब्द किती मानावा, हें ठरवितांना पन्नास सह्यांचा तो जुना नियम आठवावा. अमुक संस्था कोणाच्या वतीनें बोलते, आणि ती चुकली तर तिला जाब कोण विचारील, एवढें तरी प्रत्येक नागरिकानें आधीं पाहावें.