खेळाची मांडणी आणि संगणकाची आज्ञावली
(बेलापूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात लंगडीचा डाव रंगतो, तेव्हा खेळणाऱ्या मुलांना कोणी नियमांचे पुस्तक दिलेले नसते. राज्य कोणावर आहे, कोण बाद झाला, दुसरा पाय टेकला तर काय व्हावे, रेषेबाहेर गेल्यास काय व्हावे, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. आणि नवा मुलगा आला म्हणजे पाच मिनिटांत ते त्याला समजावून देण्याचे कसबही त्यांच्यापाशी असते. संगणकास आज्ञा देण्याचे शास्त्र याहून फार निराळे नाही. भेद एवढाच, की नव्या मुलाला अर्धवट सांगितलेलेही उमगते. संगणकाला उमगत नाही.

सन 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च प्राथमिक स्तरापासून आज्ञालेखनाचा, म्हणजे ज्याला सर्वजण कोडिंग म्हणतात त्याचा, समावेश झाल्यापासून खेड्यातील शिक्षकाच्या मनात एक धास्ती आहे. शहरातील मुले महागड्या शिकवण्यांना जातील आणि आपली मुले मोबाईलवर दुसऱ्यांनी तयार केलेले खेळ खेळत बसतील, ही ती धास्ती. ती निराधार नाही. परंतु तिच्यावरील उपाय शिकवणीवर्गात शोधण्याचे कारण नाही. खेळणारे मूल खेळ घडवू लागले, की अर्धे काम झाले.

हा विचार नवा नाही. जीन पियाजे यांच्या सहवासात जिनेव्हास काही वर्षे काढलेल्या सीमोर पेपर्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1967 मध्ये अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांसाठी भाषा सिद्ध केली. त्याच परंपरेतून मिचेल रेझनिक यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्क्रॅच’ निर्माण झाली आणि 2007 मध्ये ती सर्वांस खुली झाली. तीत अक्षरे टंकावी लागत नाहीत; आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे असतात. ती विनामूल्य आहे, आणि एकदा यंत्रावर बसवली की इंटरनेटवाचूनही चालते. वीज व जोडणी यांचा भरवसा नसलेल्या शाळेस हे लहानसे सुख नव्हे. त्याच 2007 साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेतील हिरवी-पांढरी यंत्रे आली. त्या यंत्रांतही लोगोच्या वंशातील कासवचित्रांचा कार्यक्रम होता. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेला ही वाट अगदीच अपरिचित आहे असे नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. समजा, पाचवी-सहावीच्या मुलांना पेरू झेलण्याचा खेळ करावयाचा आहे. झाडावरून पेरू पडतात, खाली पाटी डावी-उजवीकडे सरकते, झेललेल्या प्रत्येक पेरूस एक गुण. पहिला पेरू मुले सहज पाडतील. दुसऱ्यासाठी ती पहिल्याच्या आज्ञांची नक्कल करतील, तिसऱ्यासाठीही तसेच. दहा पेरू होईपर्यंत सर्व आनंदात असतात. मग कोणीतरी म्हणते, पेरू फार सावकाश पडतात, वेग वाढवू या. आता दहा ठिकाणी बदल करणे आले. नऊ ठिकाणी होतो, एका ठिकाणी राहतो, आणि एक पेरू रेंगाळत खाली येतो. सगळा वर्ग हसतो.

हा क्षण शिक्षकाने वाया जाऊ देऊ नये, आणि घाई करून आपण उत्तरही सांगू नये. ‘दहा पेरूंना वेगवेगळे सांगावे का लागते?’ एवढाच प्रश्न पुरे. स्क्रॅचमध्ये एकाच नमुना-पेरूपासून हव्या तितक्या प्रतिकृती काढता येतात. आज्ञा एकदाच लिहावयाच्या, प्रत्येक प्रतिकृतीने त्या पाळावयाच्या. मात्र एका वेळी तीनशेहून अधिक प्रतिकृती होत नाहीत. ज्या मुलाचे पेरू अचानक पडेनासे होतात, त्याला जमिनीवर पडलेले पेरू पुसून टाकावयास हवेत हेही आपोआप कळते.

मोठ्या संगणकतज्ज्ञांनी या युक्तीस नाव दिले आहे. 1994 मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी आज्ञावलीच्या मांडणीतील वारंवार उपयोगी पडणारे 23 आकृतिबंध एका ग्रंथात संगृहीत केले. नमुन्यावरून प्रतिकृती काढणे हा त्यांतील एक. गंमत अशी, की आकृतिबंधाची ही कल्पनाच त्यांनी घरबांधणीच्या शास्त्रातून घेतली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुतज्ज्ञाने 1977 च्या आपल्या ग्रंथात घरे, गल्ल्या व गावे यांचे 253 आकृतिबंध मांडले होते. आणि त्यापूर्वी, 1964 च्या पुस्तकात, आपली रीत समजावण्यासाठी त्याने उदाहरण घेतले होते ते भारतातील एका खेड्याचे. ओटा, पडवी, आड, चावडी यांच्या जागा गावाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने ठरवल्या. आज्ञावलीचे आकृतिबंधही तसेच ठरत गेले. म्हणून ते पाठ करून घेण्याचा विषय नव्हेत. सहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘आकृतिबंधांची पाच नावे लिहा’ असा प्रश्न आला, तर समजावे की विषय मेला. अडचण आधी, युक्ती मागून, आणि नाव सर्वांत शेवटी. नाव राहिले तरी फारसे बिघडत नाही.

लंगडीचाच खेळ पडद्यावर आणू गेल्यास दुसरी अडचण उभी राहते. मूल प्रत्येक खेळाडूसाठी तीन निरनिराळ्या नोंदी ठेवते: राज्य आहे की नाही, खेळात आहे की नाही, बाद आहे की नाही. काही वेळाने बाद झालेला गडी इतरांच्या मागे धावू लागतो, कारण बाद झाल्याची नोंद झाली, पण राज्य काढून घेण्याची राहून गेली. अंगणात असे कधी घडत नाही. तेथे प्रत्येक गड्याची एका वेळी एकच स्थिती असते हे सर्वांस ठाऊक असते. मग तीन नोंदींऐवजी ‘स्थिती’ नावाची एकच नोंद ठेवावी, तीत तीनपैकी एकच शब्द असावा, आणि गडी काय करू शकतो हे त्या शब्दावरून ठरावे. दोष समूळ जातो. येथे संगणकाने मुलाला नवे असे काही शिकवले नाही. अंगणातील शहाणपण नेमक्या शब्दांत मांडावयास लावले.

तिसरी गोष्ट शाळेच्या घंटेची. घंटा वाजविणारा प्रत्येक वर्गात जाऊन काय करावयाचे ते सांगत नाही. घंटा एकदा होते. पहिलीची मुले दप्तरे उचलतात, सातवीची गणिताची वही काढतात, स्वयंपाकीण मावशी भाताचे पातेले उतरवतात. स्क्रॅचमध्ये असाच निरोप सोडता येतो आणि ज्याला त्याचे काम असेल तो तो ऐकतो. ‘पेरू पडला’ हा निरोप एकदा सोडावा. गुणफलकाने गुण कमी करावा, ढोलाने आवाज करावा. पेरूनेही गुण कमी केला आणि गुणफलकानेही केला, तर एका चुकीला दोन गुण जातात. गुणांचा हिशेब एकाच्याच हाती असावा, हे ग्रामपंचायतीच्या खजिन्याचे तत्त्व मुले येथे लवकर शिकतात.

सापशिडीचा खेळ मात्र या जिल्ह्यातील शिक्षकाने अवश्य करून घ्यावा. बेलापूरजवळून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशास जाते, आणि जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या ज्ञानदेवांशीच परंपरा मोक्षपटाचा उगम जोडते. मोक्षपटात सोपान सद्‌गुणांचे आणि सर्प दुर्गुणांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भारतीय खेळ इंग्लंडातही खेळला जाऊ लागला. पट बदलला, घरांचे अर्थ बदलले, पण फासा टाकून पुढे जाण्याची रीत तीच राहिली. आज्ञावलीतही नेमके हेच करावयाचे. शंभर घरांची एक यादी करावी. ज्या घरी साप वा शिडी आहे तेथे पोचावयाच्या घराचा आकडा लिहावा, बाकीच्या घरी त्याच घराचा. सोंगटी चालविणाऱ्या आज्ञा फक्त यादी वाचतात. यादी बदलली की नवा पट. आज्ञांना हातही लावावा लागत नाही. एका गटाने स्वच्छतेचा पट करावा, दुसऱ्याने पाणी वाचविण्याचा.

यंत्र एकच आणि मुले चाळीस, ही तक्रार खरी आहे. परंतु वरील पाठांपैकी निम्म्याहून अधिक भाग जमिनीवर खडूने आणि पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांनी होतो, आणि तो तसाच आधी व्हावा. एक मूल सोंगटी बनते, दुसरे आज्ञा वाचते, तिसरे चूक पकडते. यंत्रापाशी बसताना दोघांनी बसावे. एकाने सांगावे, दुसऱ्याने ठोकळे लावावेत, आणि दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. हुशार मुलाने कळफलक बळकावून बसणे हा या विषयातील सर्वांत मोठा दोष आहे, आणि शिक्षकाचे लक्ष नसल्यास तो पहिल्याच दिवशी मूळ धरतो.

शेवटचा मुद्दा या भागातल्या शाळांचा खास आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि त्यांची मुले वर्षाच्या मध्यावर वर्गात येऊन बसतात. सबंध वर्गाचा एकच अवाढव्य खेळ, सर्व आज्ञा एकाच ठिकाणी गुंतलेल्या, अशी स्थिती असेल तर या मुलांना त्यात हात घालावयास जागाच उरत नाही. तोच खेळ सुट्या भागांचा असेल, पेरूचे काम पेरूपाशी, पाटीचे पाटीपाशी, गुणांचे गुणफलकापाशी, तर नव्या मुलाला पहिल्याच दिवशी म्हणता येते, ‘पाखरू तू कर, ते पेरूला लागले की निरोप सोड, बाकीचे आम्ही पाहतो.’ त्याला सारी आज्ञावली वाचावी लागत नाही आणि वर्गालाही थांबावे लागत नाही. हंगाम संपून कुटुंब परत निघेल, तेव्हा शिक्षण हमी पत्रकाबरोबर त्या मुलाच्या पाखराची फाईल एका पेनड्राइव्हवर, आणि तेही नसल्यास आज्ञांचा कागद वहीत घालून, त्याच्या गावच्या शाळेकडे पाठवावी. तेथील गुरुजी वा बाई ती उघडून पाहतील आणि कदाचित त्यांच्या वर्गात त्या पाखराभोवती दुसराच खेळ उभा राहील.