गाडीला कोणते इंधन सोसते?



आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांत एक भाऊ ऊस पिकवतो आणि दुसरा स्कूटर घेऊन रोज शहरात कामाला जातो. त्यामुळे पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे.

जानेवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू केले. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र त्यांत होते. २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्के झाले. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, साखर कारखान्याला दुसरे उत्पन्न मिळते. याला आमचा विरोध नाही. पण गाडी ज्याची, त्याला माहिती मिळालीच पाहिजे.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटते, तशाच दुचाकीचे ३ ते ४ टक्के. म्हणजे लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार साधारण १४ देईल.

मग करावे काय? प्रथम गाडीचे माहितीपुस्तक आणि टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर वाचा. 'ई-२०' लिहिले असेल तर काळजी नको. नसेल तर मेकॅनिककडून रबरी नळ्या, वॉशर व कार्ब्युरेटर तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. आपल्याकडच्या पावसात हे ध्यानात ठेवा. झाकण घट्ट लावा, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, इंजिनाला त्याची गरज नसेल तर, मायलेज वाढवत नाही. डिझेलच्या गाडीत हे पेट्रोल चुकूनही भरू नका.

आता हक्काचे बोलू. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे आणि घटलेल्या मायलेजच्या भरपाईसाठी करसवलतीचा विचार व्हावा, असे त्याच अहवालात सुचवले होते. प्रत्यक्षात पंपावर निवड उरली नाही. निवडीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलमध्ये मात्र इथेनॉल आणि मिश्रित पेट्रोल यांतले हवे ते भरता येते, कारण तिथे २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात.

ऊसवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले. मग मक्याने आघाडी घेतली.

न्यायालयात दार बंद झाले, तरी लोकप्रतिनिधीचे दार उघडे आहे. तिथे रिकाम्या हाताने जाऊन चालत नाही. म्हणून प्रत्येक घराने तीन महिने वहीत लिहावे: पेट्रोल किती, किलोमीटर किती, दुरुस्ती कोणती. पावत्या जोडाव्यात. पुढच्या सभेत त्या वह्या एकत्र करून आपण खासदार-आमदारांपुढे दोन मागण्या ठेवू: प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहा, आणि जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल ठेवा.

शेतकरी भाऊ आणि स्कूटरवाला भाऊ यांनी ही मागणी मिळून करावी, एवढेच आमचे सांगणे.