मंडाले आणि रत्नागिरी



म्यानमारवरची परिषद कोकणात कशाला, असे अनेकांनी विचारले. १८८५ मध्ये इंग्रजांनी म्यानमारच्या थिबा राजाला मंडालेहून उचलले आणि पुढे आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी इथेच आहे. याच गावात जन्मलेल्या लोकमान्यांना १९०८ मध्ये मंडालेच्या तुरुंगात धाडले. तिथे त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. परमुलखात कोंडलेला माणूस म्हणजे काय, हे आमच्या गावाला ठाऊक आहे.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी नेपिडोत म्यानमारची नवी संसद भरायची होती. त्या पहाटे लष्कराने लोकांनी निवडून दिलेल्यांनाच पकडले. नऊ दिवसांत अमेरिकेने निर्बंधांचा आदेश काढला. म्यानमार सरकारचे अमेरिकेत असलेले सुमारे १ अब्ज डॉलर सेनाधिकाऱ्यांच्या हाती लागू दिले नाहीत. मार्चमध्ये लष्कराच्या दोन बड्या उद्योगसमूहांवर अमेरिकेने निर्बंध घातले; ब्रिटनने त्यांपैकी एकावर मार्चमध्ये आणि दुसऱ्यावर एप्रिलमध्ये घातले.

लष्कराच्याच पैशावर नेम धरण्याची ही रीत मला पटते. २००३ मध्ये अमेरिकेने म्यानमारचा सगळाच माल घेणे बंद केले होते. तेव्हा कपड्यांचे कारखाने बंद पडले आणि शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्या मुली घरी बसल्या. सेनापतींचे जेवण काही चुकले नाही. घाव घालायचा तर त्यांच्या तिजोरीवरच घालायला हवा.

पण तिजोरीला मागचे दारही असते. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ च्या अहवालात दाखवून दिले, की त्या लष्करी उठावानंतर लष्कराला निदान १ अब्ज डॉलरची शस्त्रे आणि सामग्री मिळाली. सर्वांत मोठा वाटा रशियाचा, ४० कोटी ६० लाख डॉलर. त्याच यादीत भारताच्या नावापुढे ५ कोटी १० लाख डॉलरचा आकडा आहे आणि पुरवठादारांत आपल्या सरकारी कंपन्याही आहेत. ही गोष्ट पाहुण्यांनी आम्हाला ऐकवण्याआधी यजमानाने स्वतः सांगावी, असे मला वाटले. शेजारचे घर जळत असताना आपल्या दुकानातून तेल जाते, याची मला लाज वाटते.

उद्या सकाळी थिबाच्या समाधीकडे गाडी निघेल. सर्वांनी जरूर यावे. आणि स्वागत समितीची एक विनंती आहे: म्यानमारच्या लष्कराला भारतातून कोणतीही युद्धसामग्री जाऊ नये, हा ठराव परवाच्या समारोपात सर्वांत आधी घ्यावा.