ताळेबंदात न मावणारी मालमत्ता



अमूर्त मालमत्तेचं मूल्यांकन हे माझं काम. ते म्हणजे काय, हे एका व्यवहारातून सांगतो. १९९८ साली ब्रिटनमधली रोल्स-रॉइस मोटार कंपनी विक्रीला निघाली. फोक्सवागननं ४३ कोटी पौंड मोजून क्रू इथला कारखाना घेतला. पण 'रोल्स-रॉइस' हे नाव त्यात नव्हतं! ते विमानांची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होतं आणि तिनं ते वापरायचा हक्क बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांत दिला. २००३ पासून रोल्स-रॉइस गाड्या बीएमडब्ल्यू बनवू लागली. फोक्सवागनकडे त्याच कारखान्यातली बेंटली राहिली.

कॉमर्सच्या मुलांना हे ठाऊक असेल : 'इंड एएस ३८' या लेखा मानकानुसार स्वतः उभा केलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. कुणाच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात कमावलेलं नाव हिशेबात शून्य! तिथं आमचं काम सुरू होतं. हेच नाव दुसऱ्याकडून वापरायला घेतलं असतं, तर दरवर्षी किती रॉयल्टी पडली असती? ती वाचलेली रक्कम, कर वजा करून, आजच्या किमतीत आणायची. सूत्र सोपं आहे. नाव किती वर्षं टिकेल, हे ठरवताना खरा कस लागतो. उदाहरणार्थ, किंगफिशर एअरलाइन्सचा ब्रँड बँकांनी तारण धरला होता. २०१२ मध्ये विमानं थांबली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले. २०१६ मध्ये ब्रँडचा लिलाव पुकारला, राखीव किंमत सुमारे ३६७ कोटी रुपये. एकही बोली आली नाही.

कंपन्यांचा कारभार संगणकावर आणायचं कामही आम्ही करतो. त्यातलं माझं सर्वांत आवडतं काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतलं. खरेदी, विक्री, पगार हे सगळं संगणकावर झटपट चढलं. पण कारखान्याचं खरं ज्ञान त्यात नव्हतं. तिथले फोरमन मामा साच्याची वाळू मुठीत दाबायचे, गोळा मोडून बघायचे आणि म्हणायचे, 'पाणी जास्त झालंय.' पावसाळ्यात पाणी किती तोडायचं, कुठल्या जॉबला कास्टिंगमध्ये भोकं पडतात, सगळं त्यांच्या खिशातल्या वहीत. मामा रिटायर व्हायला आले होते. विम्याच्या यादीत भट्टी होती, वही नव्हती. आम्ही त्यांच्या शेजारी बसून वाळूचा ओलावा आणि रिजेक्शन यांची नोंद एकाच स्क्रीनवर आणली, त्यांच्याच शब्दांत. अनेक कंपन्या लाखोंचं सॉफ्टवेअर बसवतात आणि त्यालाच डिजिटल परिवर्तन म्हणतात. वर्षभरात माणसं पुन्हा कागदावर येतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

मामांच्या वहीसारखं ज्ञान तुमच्या घरीही असेल. तुमच्यापैकी कुणाचं गुऱ्हाळ असेल, कुणाच्या घरी चपला बनत असतील. गुळाची काहील कधी उतरवायची, हे गुळव्याला नजरेनं कळतं. या सुट्टीत त्याच्याजवळ बसा, विचारा, लिहून काढा. कॉमर्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांनी जोड्या करा. माझा फोन नंबर प्राचार्यांकडे दिलाय. नोंदी तयार झाल्या की बोलवा, मी स्वतः येऊन तुमच्याबरोबर बसेन. आता बक्षिसांची वेळ झाली आहे.